मडमेच्या टोपीतला कडुनिंब

कडाव, तालुका कर्जत
चैत्र वद्य ३, शके १८२०

ती. सौ. अक्कास धाकट्या इंदूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहिते. गिरगावात दाजी, तू आणि आपली सोमी खुशाल आहात एवढं दोन ओळींत कळव, म्हणजे माझ्या घशाखाली घास उतरेल. इकडे जो येतो तो मुंबईच्या प्लेगाची नवी गोष्ट घेऊन येतो आणि जाताना ती इथंच ठेवून जातो.

आता आमच्याकडची बातमी. आमच्या घरी गार्डन पार्टी होणार आहे. घाबरू नकोस, हा रोग नव्हे; निदान सरकारनं अजून तसं ठरवलेलं नाही. भर उन्हाळ्यात आंब्याखाली खुर्च्या मांडायच्या, स्नेह्यासोबत्यांना बोलवायचं, आणि खुर्च्या असूनही त्यांच्या हातात बशा देऊन उभ्यानं खायला लावायचं, असा हा प्रकार आहे. बैलालाही आपण उभ्यानंच घालतो, पण त्याला निदान दावणीला बांधतो. इथं पाहुणे मोकळे हिंडत चरणार.

ही कल्पना आमच्या स्वारीच्या डोक्यात मुंबईच्या पोपटरावांनी भरली. हे पोपटराव म्हणजे घाटातल्या रेल्वेच्या खडीच्या कंत्राटातले आमचे भागीदार. त्यांना इंग्रजी येतं आणि ते येत असल्याचं ते विसरू देत नाहीत. स्वारी म्हणते, "प्लेगाला भिऊन सगळा तालुका दारं लावून बसलाय. अशा वेळी जो दार उघडं ठेवील, त्याचंच नाव वर जाईल." हे बोलताना स्वारीच्या गळ्यात कापराची पिशवी होती आणि दर वाक्यानंतर ती नाकाशी जात होती.

भीती खोटी नाही, अक्का. गेल्या महिन्यात शेजारच्या चौक गावी एका गाडीवानाच्या घरी माणूस दगावला. लगेच घराची कौलं उतरवली, अंथरुणं जाळली, आणि त्यांनाच नव्हे, शेजाऱ्यांनासुद्धा माळावरच्या छपरात नेऊन ठेवलं. तेव्हापासून आमच्या गावात कोणी शिंकलं की शेजारी आधी दार लावतो आणि मग "जय हरी" म्हणतो.

पण तुला बोलवायला हे निमित्त बरं आहे. अक्षय्यतृतीया झाली की पुढच्या रविवारी पार्टी. सोमीला घेऊन ये. मी काही बागेत नसणारच. आपल्या घराण्यातल्या बायका परक्या पुरुषांत कधी गेल्या आहेत? मी माजघरातून बशा पुढं सारणार. तू असलीस तर दोघी मिळून दाराच्या फटीतून हसू.

तुझी इंदू

*

गिरगाव, मुंबई
चैत्र वद्य ८

चि. सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. चाळीत एक उंदीर पडला खरा, पण तो शेजारच्या जिन्यात. आणि उंदरांना मरायला प्लेगच लागतो असं थोडंच आहे? एखादा बिचारा म्हातारपणानंही जात असेल. हल्ली त्यांना तेवढीही मोकळीक राहिली नाही.

इकडे ह्यांच्या कचेरीत कामाची घाई आहे, त्यामुळे मला निघता येत नाही. पण सोमीला पाठवते. तुमच्या कडावची धोंडूबाई आंबे विकायला आमच्या चाळीत येते, ती उद्या परत निघाली आहे. म्हणाली, "द्या माज्यासंगं. टेसनात कुनी इचारलं तर नात हाय म्हनीन. आठ नाती हायत मला, नववीला कोन मोजतंय?"

पोरीला जुने कपडे देत नाही. दोन नवे परकर शिवलेत, तेच वापरू दे. परवा तिच्या तळपायात कंदिलाची फुटकी काच गेली होती. घाव मिटत आलाय, तरी अनवाणी पळू देऊ नकोस. आंबे फार खाऊ देऊ नकोस. आणि तिनं विचारलंच तर सांग, आई लौकरच येते.

मालोजीरावांना म्हणावं, गार्डन पार्टीत यजमानानं कापराची पिशवी सदऱ्याच्या आत घालावी. बाहेर लोंबली तर पाहुण्यांना वाटेल बैलाची घंटा आहे.

तुझी अक्का

*

कडाव
वैशाख शुद्ध १

ती. सौ. अक्कास नमस्कार.

सोमी पोचली. पोचली त्या दिवशीच तुला लिहायला हवं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर चांगली बातमी गेली असती.

कर्जत स्टेशनावरची तपासणी धोंडूबाईनं मला नाचून दाखवली. "डागतर गोरा हाय. मराठीची तीनच वाक्यं येत्यात त्याला. हात वर करा, जीभ दाखवा, पुढे चला. बाप्यांचं काखा तो बघतो, बायांचं एक नर्सबाई पडद्याआड बघती. सोमीला म्हनला हात वर कर, तर हिनं दोनी हात वर केलं नि न इचारताच जीभ काडून दावली. हासला गं तो. पडद्याआड बी नेलं नाय. म्हनला, पुढे चला."

त्याला आठवडा होत आला. काल दुपारी पोरीचं अंग तापलं. संध्याकाळी मी परकराची नाडी बांधायला गेले तर किंचाळली. जांघेत गाठ आहे, अक्का. मोठी नाही, सुपारीएवढी. मी तिला हात लावला आणि मग तो हात कुठं ठेवावा हेच मला कळेना.

मला खरं लिही. तुमच्या खोलीत कोणी आजारी आहे का? माझ्या घरात म्हाताऱ्या सासूबाई आहेत, हे आहेत, गडीमाणसं आहेत. हे पाटलाला कळलं तर सहा वर्षांची पोर त्या माळावरच्या छपरात परक्यांच्या हाती जाईल. नाही कळलं तर आम्ही सगळेच एकेक करून जाऊ. दिवसभर ह्या दोहोंत माझं डोकं मागावरच्या धोट्यासारखं फिरतं.

आत्ता एवढंच केलंय. घरात सांगितलं, पोरीला गोवर निघतोय, देवीचं आहे, खोलीकडे कोणी फिरकायचं नाही. ओसरीलगतच्या खोलीत तिला ठेवलं आणि दाराला कडुनिंबाचं तोरण बांधलं. आपल्याकडे दाराला कडुनिंब दिसला की सावकारसुद्धा अंगणातून परत जातो. स्वारी मात्र चिडली. "पार्टी आहे घरात! तोरण आंब्याचं पाहिजे, हा कडू पाला कशाला?" मी म्हटलं, देवीला सांगा मग, पार्टीनंतर ये म्हणून. तेव्हा ते कडुनिंबावर मुंबईहून आणलेली रंगीत कागदाची फुलं टांगून गेले.

आणि आता ऐक. पार्टीचा मुख्य पाहुणा कोण आहे माहीत आहे? तोच. कर्जत स्टेशनावरचा डॉक्टर साहेब. त्याची मडमही येणार. पोपटराव लिहितात, मडमेला "घरच्या स्त्रिया त्यांच्या खोल्यांत" पाहण्याची हौस आहे. आपण राणीच्या बागेत वाघ पाहतो, तसं असावं.

ती ओसरीवर चढली तर पहिलं दार सोमीचं.

उलट टपालानं उत्तर दे.

इंदू

*

मुंबई
वैशाख शुद्ध ४

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

शाई जवळ नाही म्हणून पेन्सिलीनं लिहिते. आम्ही सध्या हवापालटासाठी मैदानावर मांडवात राहायला आलो आहोत. हल्ली पुष्कळ लोक राहतात. वारा भरपूर.

तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगते, सोमी माझ्या दारातून निघाली तेव्हा धडधाकट होती. बाकी काही विचारू नकोस. तिला कोणाच्याही ताब्यात देऊ नकोस. दवाखान्याच्या डोलीत घातलेल्या माणसाच्या मागून घरच्यांना किती पावलं जाऊ देतात ते मी… म्हणजे लोक सांगतात. ते असो.

गाठीला गरम पोटीस बांध. पाणी पाजत राहा. तू स्वतः हात धू.

मडमेचं म्हणशील तर नीट विचार कर. दाराआडच्या बाईला भेटायला पाहुणे आत येतात. बाई बाहेरच असली तर आत कशाला येतील? तू बाहेर जा. सून बागेत गेली तर घराण्याचं नाक कापलं जातं म्हणतात. पण ती गाठ कळली तर घरच जाईल. नाक परवडलं.

भीती वाटेल. वाटू दे. तोंड हसरं ठेव. पाय लुगड्यात असतात, ते थरथरलेले कोणाला दिसत नाहीत.

तुझी अक्का

*

कडाव
वैशाख शुद्ध ९, पार्टीचा दिवस, दिवेलागण

ती. सौ. अक्कास नमस्कार.

पाहुणे गेले. सोमीचं अंग अजून तापलेलं आहे, पण सकाळपेक्षा कमी, असं मला वाटतं. मला आज जे वाटतं त्यावर माझाच विश्वास नाही.

बाग मात्र दृष्ट लागण्याजोगी सजली होती. कलमांच्या रांगेत वेताच्या खुर्च्या, मेजांवर विणलेले रुमाल, सोड्याच्या बाटल्या, बिस्किटं, आणि भुशात घालून मुंबईहून आणलेला बर्फ. तो कर्जत स्टेशनापासून कडावपर्यंत बैलांच्या दमणीत बसून आला आणि पोचेपर्यंत त्याचं पाणी झालं. स्वारीनं ते पाणीसुद्धा पाहुण्यांना दाखवलं. मुंबईचे सातआठ जण, तालुक्यातले काही, आणि पोपटरावांच्या विमलबाई बूट घालून. साहेब उंच, लाल, घामानं निथळलेला. स्वारीचा हात धरून हलवताना तो सवयीनं म्हणाला, "हात वर करा." अक्का, आमचे हे खरंच हात वर करून उभे राहिले. भर बागेत, जरीच्या पागोट्यासकट.

मी माजघराच्या फटीतून बघत होते आणि मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात वारा फिरला.

शेजारच्या नागूला यांनी बजावलं होतं की आजच्या दिवस शेतात राब भाजू नको. पण नागूनं पाला, शेणी पसरून ठेवल्या होत्या. तो म्हणाला होता, "साहेब चा पिऊन जाईल, मालक. रोपांची जमीन पावसाच्या आदी आमी नाय भाजायची तर काय साहेब भाजनार हाय?" आणि त्यानं दुपारी काडी लावलीच. वारा होता तोवर धूर डोंगराकडे जात होता. वारा फिरला तसा सगळा धूर बागेत शिरला आणि वीस माणसं एकदम खोकायला लागली. प्लेगाच्या दिवसांत एक माणूस खोकलं की सगळे त्याच्याकडे बघतात. इथं सगळेच खोकत होते. बघायचं कोणी कोणाकडे? जो तो तोंडाला रुमाल लावून दुसऱ्यापासून मागं सरकत होता, आणि मागं दुसऱ्याच कोणाला तरी धडकत होता.

आणि आमचे हे ओरडले, "चला, चला मंडळी, ओसरीवर बसू! घर आपलंच आहे!"

मडम सगळ्यांत आधी निघाली. घागरा दोन्ही हातांनी उचलून सरळ ओसरीकडे.

मी पन्ह्याचं तबक उचललं. मागून सासूबाई म्हणाल्या, "इंदे, कुठं निघालीस गं? बाहेर बापईमाणसं हायत!" मी म्हटलं, म्हणूनच. पदर कपाळापर्यंत ओढला आणि उंबरा ओलांडला. लग्नानंतर त्या पायऱ्या मी पुरुषांसमोर कधी उतरले नव्हते. किती उंच आहेत गं त्या.

पोपटरावांचं बिस्किट तोंडाशीच राहिलं. मी मडमेपुढं उभी राहून म्हटलं, "बाई, इकडं नको. नदीकडच्या आंब्याखाली चला, तिकडं धूर नाही." पोपटरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं टोपी काढली, मराठी आठवून पाहिलं, आणि मोठ्या प्रेमानं म्हणाला, "पुढे चला!"

सगळे वळले. मडम वळली नाही. तिला तोरण दिसलं. कागदी फुलांखालचा कोवळा कडुनिंब पाहून ती काही तरी गोड बोलली आणि दोन पायऱ्या चढून तिनं त्याला हात घातला. तिच्या कोपरापासून सोमीच्या दाराची कडी वीतभर. आणि आतून सोमी कण्हली, "मावशी…"

मी तबक सोडलं. पितळी पेले पायऱ्यांवरून खणखणत अंगणभर गेले. मडम दचकून खाली आली, माझ्या लुगड्यावर सांडलेलं पन्हं आपल्या रुमालानं पुसायला लागली. बिचारी. मला तिची दया आली आणि तिच्या रुमालाची भीतीही वाटली.

मग साहेबानं विचारलं, हा पाला कशाला? पोपटरावांना तो कशाला असतो ते ठाऊक होतं. माणसाचं तोंड किती पटकन पिठासारखं होतं ते मी आज पाहिलं. मी म्हटलं, "सांगा त्यांना, हे आमचं फिनेल आहे. साहेब येणार म्हणून हवा शुद्ध केली." पोपटरावांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि तसंच्या तसं सांगितलं. माझ्यावर उपकार म्हणून नव्हे. खरं बोलले असते तर आजच्या रात्री माळावरच्या छपरात माझ्या शेजारी त्यांचीही पथारी पडली असती, आणि विमलबाईंच्या बुटांचीही.

साहेब इतका खूश झाला की विचारू नकोस. म्हणाला, ह्या तालुक्यात सांगितल्याशिवाय घर शुद्ध करणारं हे पहिलंच घर. मडमेनं एक डहाळी तोडून आपल्या टोपीत खोवली.

आता चित्र डोळ्यांपुढं आण. देवीचा पाला टोपीत खोवून मडम बागेत हिंडते आहे. ती ज्या खुर्चीकडे जाईल तिथली माणसं उठून मागं सरकताहेत. तिला वाटतं, केवढा हा मान! ती मान तुकवून सगळ्यांना हसते आहे. ज्यांची गाडी उशिरा होती त्यांना ती एकाएकी लौकरची आठवली. तोरणाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. प्रत्येकाला ठाऊक होतं, बोलेल तो अडकेल. इतक्या सभ्यतेनं पळणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

स्वारी माझ्याशी बोललेली नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या आहेत.

दुसरे दिवशी सकाळी

अक्का, अक्का, प्लेग नाही! सकाळी पाय धुताना सोमीच्या तळपायातून पू आला आणि त्याबरोबर काचेचं कुसळ. घाव वरून मिटला होता, आत काच राहिली होती. अगं, अवधाण ते! लहानपणी आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की जांघेत गाठ यायची तेच. ताप उतरला, गाठ मऊ झाली, पोर भात मागते आहे. भीतीनं माणूस इतकं आंधळं होतं की मी जांघ पाहिली, पाऊल पाहिलंच नाही. तू लिहिलं होतंस तरी.

मी मोठ्यानं हसले. आणि हसता हसता पायऱ्यांवर बसले.

काल साहेब माझ्याजवळ उभा होता तेव्हा त्याच्या कोटाला एक वास येत होता. पोपटराव म्हणाले, हेच फिनेल. मी आयुष्यात ते पहिल्यांदा हुंगलं, पण तो वास मला ओळखीचा होता. तुझं पेन्सिलीचं पत्र पुन्हा काढून हुंगलं.

तू कुठल्या मांडवात आहेस, अक्का?

इंदू

*

कडाव
वैशाख वद्य १

ती. सौ. अक्कास नमस्कार.

उत्तर नाही. पोस्टाचा माणूस लांबून दिसला की मी दाराशी येते, आणि तो पुढं निघून गेला तरी तिथंच उभी असते.

सोमी आता लंगडत पळते. रोज विचारते, आई लौकर म्हणजे कधी.

इकडची एक गंमत, तू हसशील म्हणून लिहिते. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात पोपटरावांनी छापून आणलंय: "कर्जत तालुक्यातील एका खानदानी घराण्यातील स्त्रीने गोषाची जुनाट रूढी झुगारून साहेबलोकांचे स्वहस्ते स्वागत केले. या सुधारणेचे श्रेय तिच्या उदारमतवादी पतीस आहे." माझ्याशी अबोला धरलेल्या उदारमतवादी पतीनं तो कागद सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. आता ते म्हणतात, "मीच तिला पुढं केली." मी भीतीनं बाहेर पडले हे कुणाला सांगू? सुधारणा म्हणून छापून आलंय, तेव्हा सुधारणाच असेल.

एक ओळ लिही गं. नुसतं नाव लिही.

इंदू

*

मुंबई
वैशाख वद्य ५

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

आधी एक काम. ह्यापुढं माझ्या नावामागं सौ. लिहू नकोस. मागच्या पत्रांवर लिहिलंस तेव्हाही ते चुकलं होतं. दोष तुझा नाही. मी तुला कळवलंच नाही.

सोमी निघाली त्या सकाळी त्यांना ताप भरला होता. मी तिला जवळ जाऊ दिलं नाही. दारातूनच नमस्कार कर म्हटलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. पोर जिन्यात म्हणाली, बाबा रागावलेत. मग शिपाई आले, डोली आली. मी मागून निघाले होते. रस्त्याच्या फाट्यावर डोली एका बाजूला वळली आणि आम्हां चाळकऱ्यांना दुसऱ्या बाजूला, ह्या मांडवात आणलं. पुढं एक कारकून येऊन माझं नाव विचारून गेला, आणि मला जे कळायचं ते कळलं.

माझी शपथ खोटी नव्हती, अर्धी होती. तुझ्या घरात मी काय धाडते आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी तिला धाडलीच असती. ह्याबद्दल मला माफ कर असं म्हणत नाही. म्हणणं शोभणार नाही.

तुझी पार्टी मी इथल्या बायकांना वाचून दाखवली. मडमेच्या टोपीवर फार हसल्या. आमचीही गार्डन पार्टीच गं ही. बांबूचा मांडव, साहेब रोज येतो, हातात थाळी देतात, उभ्यानं खायचं. फरक एवढाच की आमंत्रण नाकारता येत नाही आणि यजमानानं सोडल्याशिवाय निघता येत नाही. जी बाई सगळ्यांत जास्त हसली ती आज सकाळी तिच्या जागेवर नव्हती. कुठं गेली, असं विचारायची इथं रीत नाही.

मला सोडताहेत. एकादशीला सकाळच्या गाडीनं निघेन. सुटकेचा कागद आहे जवळ, पण कागदानं मला धीर येत नाही. भीती कर्जतची. मुंबईहून आलेली, एकटी बाई, अंगाला फिनेलचा वास, कपाळ मोकळं. अशा बाईला तुझा साहेब पुढे चला म्हणणार नाही. बाजूला व्हा म्हणेल. तेवढं चौथं वाक्य त्यानं नक्की शिकून ठेवलं असेल. आणि इंदू, आणखी एक मांडव मला सोसायचा नाही. इतके दिवस मी भ्याले नाही. आता सुटायच्या वेळी भ्याले आहे.

कोणाला तरी स्टेशनावर पाठव. सोमीला आणू नकोस. तिला मी सांगेन, समोर बसून. बाबा रागावले नव्हते, एवढं तरी मलाच सांगू दे.

अक्का

*

कडाव
वैशाख वद्य ७

ती. अक्कास इंदूचा नमस्कार.

सवयीनं हात सौ. लिहायला गेला आणि थांबला. तिथं जो डाग पडलाय तो शाईचा आहे असं समज.

दाजींबद्दल मला आज काही लिहिता येणार नाही. तू आलीस की बोलू, किंवा नुसत्या बसू.

कोणाला तरी पाठव म्हणतेस. मीच येते. यांना सगळं सांगितलं. गाठीचं, गोवराचं, तुझं. ऐकता ऐकता खाली बसले. मग म्हणाले, "पण घरची सून फलाटावर? लोक काय म्हणतील?" मी तो छापलेला कागद आणून त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, "लोकांना ह्यात कळवलंय की मी बाहेर पडते. आता आत राहिले तर उदारमतवादी पती खोटा पडेल." त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. मग उठले, दमणी सांगितली, आणि गळ्यातली कापराची पिशवी काढून माझ्या हातात दिली. अक्का, ती पिशवी त्यांनी आंघोळीलाही काढली नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "तिला म्हनावं, हितं आपलं घर हाय. कपाळ बघाया आमी कुनी नाय." मग स्वतः उठून कुंकवाचा करंडा आत नेऊन ठेवला.

आता नीट वाच. मडमेची आभाराची चिठ्ठी आली आहे. तिला तो सुंदर पाला आणखी हवा आहे. एकादशीला मी कडुनिंबाची टोपली भरून कर्जतला येते, आणि तुझी गाडी यायच्या वेळी ती साहेबाच्याच हातात देते. तो मला ओळखतो. ह्या तालुक्यात घर शुद्ध ठेवणारी मी एकटीच बाई आहे. तू डब्यातून उतरलीस की मी म्हणेन, ही माझी बहीण. हे तो नाकारील की नाही मला ठाऊक नाही. काल रात्रीपासून ह्याच्या पलीकडं माझं डोकं जात नाही.

तू पदर नीट घे, रडू नकोस, आणि कोणाच्या पाठीमागं लपू नकोस. लपणारा त्यांना आधी दिसतो. हात वर करा म्हणेल, वर कर. जीभ दाखवा म्हणेल, दाखव. त्याच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मी टोपली घेऊन हसत उभी असेन. लुगड्याच्या आत काय चाललंय ते तुला ठाऊक आहे.

त्याला तीनच वाक्यं येतात. तिसरं कानावर पडेपर्यंत मी श्वास घेणार नाही.

इंदू